पुढं समुद्र, मागं डोंगर असलेलं जपानमधलं खेडं : आईला कुठं नेऊ?

गोदाकाठची (नांदेड)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. धाकटा भाऊ दोन वर्षांपासून नागोयाला नोकरीला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि आई दहा दिवस त्याच्याकडं चाललोय. तिकिटं झाली, व्हिसाचं चालू आहे.

भावानं तोक्यो-क्योतोचा बेत आखून पाठवला. आईनं तो ऐकला आणि म्हणाली, "उंच इमारती बघायला एवढं लांब कशाला? एखादं खेडं दाखवा. पुढं समुद्र अन मागं डोंगर असलेलं. तिथली माणसं कशी राहतात ते बघू." तिनं जन्मात समुद्र एकदाच बघितलाय, श्रीवर्धनला, तोही तासभर.

आई ६४ वर्षांची आहे, माळकरी. मासे, अंडी, मटण काही नाही. डावा गुडघा दुखतो, तरी मागच्या नवरात्रात माहूरगड हळूहळू चढली. तीन दिवस एकाच गावात राहावं असं मनात आहे. कुठलं गाव निवडावं? तिचं खाण्याचं काय होईल? चालणं किती पडेल? कोणी प्रत्यक्ष राहून आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

भोकरदनकर

ताई, इने बघा. क्योतो प्रांतातच आहे, पण शहरापासून पार उत्तरेला, जपानच्या समुद्रावर. खाडीच्या कडेनं 'फुनाया' म्हणजे होडीघरं आहेत, २३० च्या आसपास. खालच्या मजल्यावर होडी, वर माणसं. घराच्या पायरीला समुद्र लागलेला असतो आणि पाठीमागं लगेच डोंगर. त्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक फार थोडा असतो, खाडीच्या तोंडावर एक बेट आडवं आहे आणि खाडी दक्षिणेला उघडते, म्हणून लाटा आत येत नाहीत. नाहीतर पाण्याला इतकं खेटून कोण घर बांधेल? २००५ पासून ही सगळी वस्ती सरकारनं संरक्षित केलेली आहे. आमानोहाशिदातेहून बस मिळते, तासभर लागतो. चालणं जवळजवळ सपाट, आईंना सोपं जाईल. फक्त गाव मासेमारीचं आहे, जेवणाचं आधी नीट बोलून घ्या.

तेरणाकाठ (औसा)

भोकरदनकरांनी सांगितलेलं गाव चांगलंच आहे. तरी माझं मत वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहायलोय.

ताई, तुम्ही ओवासेला जा. मिए प्रांतात, 'की' नावाच्या द्वीपकल्पाच्या पूर्वेच्या अंगाला. २०१९ साली कंपनीनं मला तीन महिने नागोयाजवळ प्रशिक्षणाला धाडलं होतं. सुट्टीला बाकीचे ओसाकाला जायचे, मी चार वेळा ओवासेला गेलो. एकाच गावाला चारदा का, ते सांगतो.

माझं गाव औसा तालुक्यात. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आम्ही लातूरलाच भाड्यानं राहत होतो. मुलगी चार महिन्यांची होती. तिच्या आंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात दुपटी धुवायची आणि तेच मग संडासाला. ती परात अजून घरात आहे. नागोयात एकदा जेवताना एका सहकाऱ्यानं विचारलं, तुमच्याकडं पाऊस किती पडतो? मी म्हणलं, बरं साल असलं तर सातशे-आठशे मिलिमीटर. तो म्हणाला, ओवासेला एवढा एका दिवसात पडलेला आहे. मला पटेना. त्यानं फोनवर नोंद काढून दाखवली : २६ सप्टेंबर १९६८, एका दिवसात ८०६ मिलिमीटर. वर्षाची सरासरी चार हजारांच्या घरात. आमचं पाच-सहा वर्षांचं पाणी तिथं एका वर्षात पडतं. त्याच शनिवारी मी गाडी धरली.

इतका पाऊस का पडतो तर, पुढं प्रशांत महासागर आहे आणि त्यातून कुरोशिओ नावाचा कोमट पाण्याचा प्रवाह वाहतो. तिकडून ओला वारा येतो आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ओदाइगाहाराचे डोंगर उभे आहेत, १६९५ मीटरपर्यंत. वारा वर चढतो, गार होतो आणि पाणी तिथंच टाकतो. आपल्याकडं सह्याद्री हेच करतो. फरक एवढाच की ओवासे डोंगराच्या पुढ्यात आहे आणि आपण डोंगराच्या पाठीला.

नागोयाहून 'नान्की' नावाची एक्स्प्रेस थेट ओवासेला जाते, अडीच-पावणेतीन तास लागतात. दिवसातून मोजक्याच गाड्या आहेत, वेळ आधी बघून घ्या. जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या मागा. पहिले दोन तास शेतं, घरं, डोंगर. मग उमेगादानीच्या पुढं गाडी बोगद्यामागून बोगदा घेत खाली उतरते आणि की-नागाशिमाजवळ एकदम समुद्र येतो. तिथून पुढं बोगदा, मग छोटी खाडी, चार होड्या, दहा-वीस घरं, की परत बोगदा. आईंना सांगून ठेवा, डोळा लावू नका. हा रेल्वेमार्ग सलग व्हायला १९५९ साल उजाडलं. तोवर ओवासेच्या पुढच्या टप्प्याला डोंगरातल्या घाटातून बसनं जावं लागायचं. डोंगर बघितल्यावर इतका उशीर का झाला ते कळतं.

मी उतरलो तेव्हा पाऊस चालू होता. तिकडं म्हणतात, ओवासेचा पाऊस खालून वर पडतो. थेंब इतके जड की रस्त्यावर आपटून परत उडतात. छत्री होती तरी पाच मिनिटांत गुडघ्यापर्यंत भिजलो. आणि गाव आपलं चालू होतं. पोरं शाळेच्या खेळातून परत येत होती, एक बाई भाजीची पिशवी घेऊन निघाली होती. मी स्टेशनच्या छपराखाली अर्धा तास नुसता उभा राहिलो. पन्हाळीतून मनगटाएवढी धार पडत होती आणि खाली तिला कुणीच भांडं लावलेलं नव्हतं. सारखं वाटायचं, काहीतरी लावावं.

दुसऱ्या दिवशी मागोसे खिंडीत गेलो. ही कुमानो कोदोची वाट. इसेच्या देवस्थानापासून कुमानोपर्यंत यात्रेकरू चालत जायचे, सुमारे १७० किलोमीटर. तिकडं म्हण आहे, इसेला सात वेळा, कुमानोला तीन वेळा. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर जे चालले असतील त्यांना ही वाट परकी वाटणार नाही. २००४ साली 'की' डोंगरातल्या या यात्रावाटा जागतिक वारशात घेतल्या.

आता जे बघायला मी पुढं तीनदा गेलो ते सांगतो. या खिंडीत एदोच्या काळात, म्हणजे आपल्याकडं शिवकाळ-पेशवाई होती त्या सुमाराला, दगडी फरसबंदी घातलेली आहे. एवढ्या पावसात मातीची वाट टिकणारच नाही, म्हणून. मी वाकून, बसून, हात लावून बघितली. एकेक धोंडा दोन-तीन माणसांनी उचलावा असा. वरचा चेहरा सपाट आणि बाकीचं सगळं अंग जमिनीत पुरलेलं. दोन धोंड्यांमधल्या फटीत बारके दगड ठोकून बसवलेले. जिथं ओढा आडवा येतो तिथं त्याला अडवलेला नाही. वाटेचाच तेवढा तुकडा थोडा खोलगट करून दगडांनी बांधलाय, म्हणजे पाणी वाटेवरून पार होतं आणि वाट जागेवर राहते. एका ठिकाणी तर एकाच लांब शिळेचा पूल आहे.

माझे वडील रोजगार हमीवर बांधबंदिस्तीच्या कामाला होते. ताल घालायची तर मोठा दगड खाली, चेहरा बाहेर, पोटात चिपा भरायच्या. मी लहानपणी त्यांच्या हाताखाली चिपा आणून दिल्यात. वडिलांचा दगड पाणी थांबवायला होता, इथला दगड पाण्याला वाट करून द्यायला. हात मात्र एकाच जातीचे वाटले. वडील २०१४ ला गेले. मी त्या वाटेवर बसून त्यांना मनातल्या मनात सगळं सांगितलं.

वर दोन्ही बाजूंना हिनोकीची झाडं, सरळ वर गेलेली, आणि खाली नेच्यांचं हिरवं रान. ओवासेचा हिनोकी प्रसिद्ध आहे. उतार उभा, माती पातळ, म्हणून झाड सावकाश वाढतं, वलयं दाट पडतात आणि लाकूड चिवट होतं. ही वनशेती २०१७ साली जपानच्या कृषी वारशात घेतली गेली. गावाजवळ कुमानो कोदो केंद्र आहे, २००७ चं. तेही याच भागातल्या हिनोकी आणि 'सुगी' या झाडांच्या लाकडात बांधलेलं. आत शिरलं की आधी वास येतो. आईंना तिथं नक्की न्या, गुडघ्याला काही त्रास नाही.

गोदाकाठची (नांदेड)

तेरणाकाठ दादा, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. बांधाचं आलं तिथं तिनं मला थांबवलं आणि परत वाच म्हणाली. तिचे वडीलही दुष्काळी कामावर होते.

तिचे दोन प्रश्न आहेत. ती वाट तिला जमेल का? आणि समुद्र इतका जवळ म्हणजे भीती नाही का? टीव्हीवर २०११ ची सुनामी तिनं बघितली होती, ते तिच्या डोक्यातून जात नाही.

तेरणाकाठ (औसा)

ताई, वाटेचं आधी सांगतो. आख्खी खिंड पार करायला दोन-तीन तास लागतात, चढ आहे, ओल्या दगडावर पाय घसरतो. आईंनी पूर्ण करू नये. ओवासेहून टॅक्सीनं उत्तरेकडच्या पायथ्याला जा. मोठ्या रस्त्यावर मियामा नावाचा थांबा आहे, तिथं खाणं-पिणं, संडास सगळं आहे. वाट तिथूनच जवळ चढते आणि फरसबंदी पण लगेच सुरू होते. आई जमेल तेवढं चढतील, बसतील, परत फिरतील. सुरुवातीच्या टप्प्यातच 'रडक्या बाळांचा जिझो' लागतो. रात्री किरकिरणारं लेकरू शांत व्हावं म्हणून आयाबाया तिथं नवस करायच्या. आता तिथं साधा दगडच आहे. जिझो म्हणजे लेकरांचा आणि वाटसरूंचा राखणदार देव. जपानभर वाटेवाटेला त्याच्या मूर्ती असतात आणि गळ्यात लाल लाळेरं बांधलेलं असतं.

आता भीतीचं. तुमच्या आईंनी बरोबर विचारलंय. भीती आहे, आणि तिथले लोक ती झाकत नाहीत. विजेच्या खांबांवर पाट्या आहेत : ही जागा समुद्रसपाटीपासून इतके मीटर. पळायची वाट बाणानं दाखवलेली. आमचं लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. आपल्याला असा आकडा कधी वाचायला लागला नाही, तिथं मी दर खांबाला वाचायचो.

मी एका मिन्शुकूत उतरायचो. मिन्शुकू म्हणजे घरगुती खानावळ अन मुक्काम. २०१९ ला दोन जेवणांसकट रात्रीचे ८ हजार येन दिले होते. घरातल्या आजी ऐंशी पार केलेल्या. तिसऱ्या खेपेला रात्री चहा घेताना मी त्या पाट्यांबद्दल विचारलं, फोनच्या भाषांतरावर. त्यांनी सांगितलं, ७ डिसेंबर १९४४, दुपारची वेळ. त्या लहान होत्या. जमीन हलली, मग समुद्र आला. युद्धाचा काळ, त्यामुळं बाहेर बातमीसुद्धा नीट जाऊ दिली नाही. आईनं हात धरून देवळाच्या पायऱ्या चढवल्या, तो हात त्यांना अजून आठवतो म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं असं कधी झालं का?

मी त्यांना ३० सप्टेंबर १९९३ सांगितलं. पहाटे चारला थोडा वेळ कमी होता, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपलेली. मी दहा वर्षांचा. आजींनी विचारलं, समुद्र आला का? मी म्हणलं, आमच्याकडं समुद्र नाही. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, तेच अंगावर आलं. किल्लारीत माझी मावशी होती. हे मी मराठीत बोललो आणि फोननं काय सांगितलं कोण जाणे, पण आजी उठल्या. सकाळी भाकरीच्या आधी, म्हणजे त्यांच्या भाताच्या आधी, त्या मला घेऊन बाहेर पडल्या आणि घरापासून टेकडीवरच्या पायऱ्यांपर्यंत चालवत नेलं. घड्याळ दाखवलं. त्यांच्या चालीनं ७ मिनिटं लागली. प्रत्येक पाहुण्याला त्या ही वाट दाखवतात.

म्हणून ताई, पोचल्याबरोबर पहिल्या संध्याकाळी उजेड असतानाच ती वाट आईंबरोबर एकदा चालून घ्या. जमीन जोरात हलली तर सामान घ्यायचं नाही, कुणी सांगायची वाट बघायची नाही, चढायचं. आणि संध्याकाळी गावच्या भोंग्यावर गाणं वाजलं तर घाबरू नका. जपानात गावोगाव ते रोज वाजतं, पुष्कळ ठिकाणी पाचच्या ठोक्याला. त्यानं भोंगा चालू आहे याची खातरी होते आणि पोरांना घरी जायची वेळ कळते.

अंबाजोगाईची मेघा

मी सासूबाईंना घेऊन त्याच भागात राहिले आहे, खाण्याचं मी सांगते. सासूबाई पण माळकरी.

मासा दिसतो त्यापेक्षा न दिसणारा मासा जास्त असतो, ही खरी अडचण. 'दाशी' म्हणून पाणी असतं, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं. ते मिसो सूपमध्ये, भाजीत, नूडल्समध्ये, चटणीतसुद्धा जातं. नुसतं 'मांस नको' म्हणलं तर समोरचा मनापासून दाशीतली भाजी आणून ठेवतो. त्याची चूक नसते. भावाकडून जपानीत चिठ्ठी लिहून घ्या आणि तोंडानं पण म्हणा : "निकु तो साकाना तो दाशी गा ताबेरारेमासेन." मांस, मासा, दाशी मला चालत नाही. मिन्शुकूवाल्यांना हे आठ दिवस आधी कळवा, दारात पोचल्यावर नाही. ते जेवण सकाळपासून मांडतात, ऐन वेळी सांगितलं तर त्यांनाच वाईट वाटतं.

चालण्यासारखं सांगते. साधा भात, तोफू, मिठाचा भाताचा गोळा म्हणजे शिओ-मुसुबी. उमेबोशी, आपल्या लोणच्यासारखं खारट-आंबट फळ, पण त्यातही बोनितो घातलेला प्रकार असतो, विचारून घ्या. त्या भागात मेहारी-झुशी मिळते. मोहरीच्या जातीच्या मोठ्या पानाचं लोणचं घालतात आणि त्या पानात भाताचा मोठा गोळा गुंडाळतात. डोळे विस्फारतील एवढा मोठा घास, म्हणून ते नाव, असं तिथं सांगतात. सासूबाईंना फार आवडली. म्हणाल्या, ही तर रानात न्यायची शिदोरी. पानात काय घातलंय ते मात्र दरवेळी विचारायचं.

घरून दशम्या आणि धपाटे न्या, दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, मेतकूट न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. मी छोटा भात-कुकर नेला होता, त्यात मुगाची खिचडी झाली. खोलीत लावण्याआधी मालकिणीला विचारलं होतं.

अजून एक. आंघोळीची जागा सामायिक असते, बायकांची वेगळी, पण कपडे काढूनच जायचं. सासूबाई पहिल्या दिवशी रडवेल्या झाल्या. मालकिणीला कसंबसं समजावलं, तर तिनं रात्री सगळ्यांचं उरकल्यावर आमच्यासाठी दार आतून लावून दिलं. तुम्ही आधीच विचारून ठेवा. आणि झोपणं जमिनीवर गादी टाकून असतं, गुडघ्यासाठी एक खुर्ची मागून घ्या. आम्हाला मागितल्याबरोबर दिली.

तेरणाकाठ (औसा)

मेघाताईंनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी मासे खातो, त्यामुळं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तारखांचं राहिलं. २९ एप्रिल ते ५ मे तिकडं बऱ्याच सुट्ट्या असतात, गाड्या आणि मुक्काम दोन्ही भरलेले. त्यानंतर जा. जूनमध्ये तिकडचा पावसाळा लागतो, सप्टेंबरचा पाऊस सगळ्यात मोठा. मेमध्येही छत्रीवर भागणार नाही, आईंना चांगला रेनकोट आणि रबरी तळव्याचे बूट घ्या. जपान रेल्वेचा देशभरासाठीचा सात दिवसांचा पास (जेआर पास) २०२३ च्या ऑक्टोबरात ५० हजार येन झाला, तुम्हाला त्याची गरज नाही. शिवाय नान्कीच्या वाटेत इसे रेल्वेचा जो तुकडा लागतो तिथं तो चालत नाही, वेगळे पैसे पडतात. भावाला साधं तिकीट काढायला सांगा.

एक दिवस कुकीसाठी ठेवा. ओवासेहून लोकल गाडीनं दुसरंच स्टेशन. डोंगराच्या कुशीत एवढीशी खाडी आणि 'बुरी' नावाच्या माशासाठी समुद्रात कायमची लावलेली मोठी जाळी. पहाटे होड्या परत येतात. आईंना मासे बघवणार नसतील तर दुपारी जा, धक्क्यावर बसा. पण परतीची गाडी नीट बघा, एक चुकली तर पुढची तासन्‌तास नसते.

ओवासेची वस्ती २०२० च्या गणतीत १६ हजारांच्या आसपास होती, आणि कमी होत चालली आहे. पुष्कळ घरं बंद दिसतील, कुंड्यांना पाणी घालणारी म्हातारी माणसं दिसतील. आपल्याकडं पुण्याला गेलेल्या पोरांची घरं असतात तशी. आईंना माणसं बघायची आहेत म्हणून सांगितलं. वाटेत कुणी भेटलं की मान लववून 'कोन्निचिवा' म्हणा. थांबतात, बोलतात.

गोदाकाठची (नांदेड)

ठरलं. ९ ते १२ मे ओवासे. भावानं मिन्शुकूला फोन केला, दाशीचं सांगितलं, आंघोळीचं आणि खुर्चीचं पण सांगितलं. बाई म्हणाल्या, आईंना काय चालतं त्याची यादी पाठवा. भोकरदनकर दादा, इने पुढच्या खेपेला नक्की.

रात्री सगळं आईला परत वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. आज सकाळी बघते तर ट्रंकेतून लाल कापड काढून बसलेली. माझ्या भावाच्या पाचवीच्या वेळचं उरलेलं. लाळेरं शिवायचं म्हणते, तिथल्या जिझोसाठी. दादा, ती विचारतेय, माप केवढं घ्यायचं?

तेरणाकाठ (औसा)

सहा महिन्यांच्या बाळाचं घ्या म्हणावं. बंद जरा लांब ठेवा, दगडाची मान जाड असते. आणि बांधायच्या आधी मिन्शुकूच्या बाईंना विचारा, कुठल्या जिझोला बांधलं तर चालेल. त्या बरोबर नेतील.